निकेलवाले निवृत्तीदादा

निवृत्तीदादा कुणाकडे चहाला गेले, की चहा यायच्या आधी त्यांची नजर घरातल्या वस्तूंवरून फिरायची. समईवर डाग पडलाय, कुलपाची कडी काळवंडलीय, पानाचा डबा निस्तेज झालाय, हे घरच्या बाईच्या आधी त्यांना दिसायचं. मग बशी खाली ठेवून ते धोतराच्या सोग्याने ती वस्तू घासायला लागत, आणि थोडा वेळ घासून झालं की म्हणत, "ह्ये आसं न्हाई व्हायचं. आणा हिकडं, उजळून देतो." घरच्यांनी हो-नाही करेपर्यंत ती वस्तू त्यांच्या पिशवीत गेलेली असायची. परत यायची ती अशी झगमगत, की बाकीचं घर तिच्यापुढे दरिद्री दिसायला लागायचं. माझ्या आईचा अडकित्ता त्यांनी असाच नेला होता. परत आला तेव्हा आई म्हणाली, आता याने सुपारी कातरायची की याला फूल वाहायचं?

मी चिंचवडला शाळेत शिक्षिका म्हणून आले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा चिंचवड म्हणजे गावच होतं. पलीकडे पिंपरीला निर्वासितांची छावणी होती, औषधांचा एक मोठा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या भिंती बघायला लोक रविवारी पोरंबाळं घेऊन जायचे. मी आणि माझी आई स्टेशनजवळच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. मला भाऊ नाही, वडील लहानपणीच गेलेले. शेजारच्या खोलीत निवृत्तीदादा आणि वहिनी. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा दादा स्वतःहून पुढे आले, ट्रंक उचलली आणि ती आत नेण्याऐवजी उजेडात धरून तिच्या कड्या बघत बसले. आईला वाटलं, हा चोरबीर आहे की काय.

दादा मूळचे रहाटणीचे, शेतकऱ्याघरचे. लढाईच्या काळात खडकीला एका कारखान्यात कामाला लागले आणि तिथे निकेल चढवायचं काम शिकले. लढाई संपल्यावर त्यांनी स्टेशनजवळ पत्र्याची शेड टाकली. आत एक तेलाचं इंजीन, विजेसाठी एक डायनामो आणि हिरव्यागार पाण्याची लाकडी टाकी. त्या पाण्यात वस्तू टांगायची, वीज सोडायची, की पाण्यातलं निकेल वस्तूवर चढायचं. सायकलची हँडलं, स्टोव्हच्या टाक्या, दवाखान्यातल्या कात्र्या, सगळं त्या हिरव्या पाण्यातून पांढरंशुभ्र होऊन निघायचं. दादा ते असं वर काढायचे, जसं काही आपण आताच जन्माला घातलं.

त्या पाण्याने त्यांचे हात मात्र नासले होते. बोटांच्या बेचक्यांत सदा लाली, बारीक फोड, भेगा. बोलता बोलता ते हात खाजवायचे आणि वहिनी खेकसल्या की खोबरेल लावायचे. कारखान्यात त्याला निकेलची खाज म्हणतात, असं त्यांनीच मला सांगितलं. "दुसऱ्याची वस्तू उजळायची, तर आपली कातडी आधी द्यावी लागती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांना स्वतःचा थोडा अभिमान वाटायचा, आणि मलाही त्यांचा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच दिवाळीला मी त्यांना भाऊबिजेचं ओवाळलं आणि त्यांनी तबकात एक मनगटी घड्याळ घातलं. कुणाचं तरी जुनं, पण कवचावर आणि पट्ट्यावर त्यांनी नवं निकेल चढवलेलं. शाळेत मी ते मिरवलं. पण थोड्याच दिवसांत मनगटावर घड्याळाच्या आकाराची लाली उठली, मग खाज, मग पाण्याने भरलेले फोड. मी दादांना दाखवलं. त्यांनी माझं मनगट आपल्या हाताशेजारी धरलं आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं.

"तुमचं कातडं माझ्यावानीच हाय, ताई," ते म्हणाले. "समद्यास्नी न्हाई आसं होत. पर ज्याला होतं त्यानं निकेलपास्नं चार हात लांब ऱ्हावं."

मग त्यांनी घड्याळ नेलं, पट्टा काढून कापडी पट्टा लावला, मागच्या बाजूला जाड कापड बसवून घेतलं आणि परत आणून दिलं. सख्ख्या भावाने इतकं केलं नसतं, असं आई म्हणाली. मला सख्खा भाऊ नसल्यामुळे मी ते लगेच मान्य केलं.

गावात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथले डॉक्टर परदेशात शिकून आलेले, तरुण, हाडांच्या कामात तरबेज. आमच्या भागात हात-पाय मोडला की लोक हाडवैद्याकडे जायचे, तो बांबूच्या कामट्या बांधायचा आणि हाड जसं जुळेल तसं जुळायचं. डॉक्टरांनी येताना पत्र्याच्या एका डब्यातून पोलादी पट्ट्या आणि स्क्रू आणले होते. मोडलेलं हाड उघडून त्यावर पट्टी कसायची आणि जखम शिवून टाकायची. पट्टी आतच राहायची. हे ऐकून अर्धं गाव घाबरलं आणि उरलेलं अर्धं त्या पट्ट्या बघायला गेलं. मीही गेले होते. करड्या, निस्तेज, राखेतून काढल्यासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, हे पोलाद वेगळं आहे, शरीरात गंजत नाही, म्हणून ते कसं दिसतं याला महत्त्व नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार करवत पुजतो, तसं दवाखान्यातही चिमटे, कात्र्या, सुऱ्या पाटावर मांडून पूजा व्हायची. डॉक्टरांना त्यात फारसा रस नव्हता, पण दवाखान्याच्या विश्वस्तांना होता. पूजेच्या आधी सगळी हत्यारं दादांच्या शेडमध्ये जायची. ज्यांचं निकेल उडालंय त्यांना दादा नवं चढवायचे. ही त्यांची सेवा होती, त्याचं ते काही घेत नसत. त्या वर्षी कंपाउंडरने हत्यारांबरोबर पट्ट्यांचा तो डबाही पाठवला.

पूजेला मी हजर होते. झेंडूच्या फुलांत हत्यारं मांडली होती आणि त्या सगळ्यांत जास्त झगमगत होत्या त्या पट्ट्या. चांदीच्या म्हणून खपल्या असत्या. डॉक्टरांनी एक उचलली, उलटसुलट केली आणि विचारलं, या इतक्या कशाने चमकायला लागल्या? दादांनी हात जोडले. "निस्त्या पुसून काढल्या, सायेब. द्येवाम्होरं मळकं कसं ठिवायचं?" सगळे हसले, डॉक्टरही हसले आणि त्यांनी पट्टी परत फुलांत ठेवली. विश्वस्तांनी दादांना नारळ दिला. मी शेजारच्या बाईला सांगितलं, हे माझे दादा.

त्याच दिवाळीत भाऊबिजेला दादांनी आम्हाला रहाटणीला आपल्या मळ्यात जेवायला नेलं. परतताना बैलगाडीचं चाक चाकोरीतून घसरलं, गाडी कलंडली आणि मी उजव्या हातावर पडले. कोपर आणि मनगटाच्या मध्ये हात असा वाकला, की आईने तोंड फिरवलं. दादांनी मला उचललं, गाडी सरळ करवून घेतली आणि दवाखाना येईपर्यंत माझा हात स्वतःच्या मांडीवर उशीसारखा धरून ठेवला.

मी शाळेत अजून कायम झालेली नव्हते. आम्हा दोघींचं घर त्या एका नोकरीवर चालायचं आणि ती नोकरी त्या एका हातावर. डॉक्टरांना मी कळवळून तेवढंच विचारलं, की फळ्यावर लिहिता येईल ना? ते म्हणाले, पट्टी बसवली तर येईल. नुसत्या कामट्यांनी हाड वाकडं जुळेल.

तेव्हा दादा मध्ये बोलले. "पट्टीबिगर न्हाई भागायचं, सायेब? कामट्या बांधून बगितलं तर?"

डॉक्टर हसून म्हणाले, निवृत्तीराव, तुम्ही यंत्रावर काम करणारे, तुम्हीसुद्धा हाडवैद्याचे? दादा बाजूला सरकले. मला वाटलं, कापाकापीला भितायत बिचारे, माया आहे म्हणून. मला आत नेत होते तेव्हा त्यांनी माझा डावा हात दाबला आणि म्हणाले, "भिऊ नगा ताई, मी हाय हितंच." ते खरंच तिथेच होते. शुद्धीवर आले तेव्हा पहिला चेहरा त्यांचाच दिसला.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग टाक्यांच्या जागी लाली आली. मग खाज सुरू झाली, आणि ती अशी आतून, की कातडीला खाजवून तिच्यापर्यंत पोचताच यायचं नाही. सगळ्या हातावर पुरळ उठलं. पुढे जखमेच्या एका टोकाला तोंड पडलं आणि त्यातून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, बँडेज बदललं, आणि शेवटी मला रागावले. तुम्ही झोपेत खाजवता, जखम भिजवता, पथ्य पाळत नाही. आई रोज माझा हात फडक्याने खाटेला बांधायला लागली. चाळीतल्या बायांनी वांगं, मिरची, गूळ एकेक करून बंद करायला लावलं. मग एकीने म्हटलं, रक्तातच दोष असेल, तो जेवणाने कसा जाणार? लग्न न झालेल्या मुलीबद्दल असं बोलणं किती लांब जातं, ते मला त्या वेळी कळलं.

शाळेत जखमेचा वास यायला लागला. मुलं काही बोलायची नाहीत, पण पहिल्या रांगेतली मुलं हळूहळू मागे सरकली. हेडमास्तर चांगले होते, त्यांनी आधी माझी खुर्ची दाराशी नेली आणि मग मला रजेवर पाठवलं. माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्या. मी नोकरी गेली असंच धरून चालले होते.

या सगळ्यात माझ्या बाजूने कोण होतं, तर दादा. मला दवाखान्यात न्यायला तेच, आणायला तेच. वहिनींच्या हातची लापशी तेच आणायचे. कुणी रक्ताचं बोललं तर अंगावर धावून जायचे. डॉक्टरांशी भांडायचेसुद्धा. ती पट्टी काढा म्हणायचे, एकदा तर डॉक्टरांच्या पायाशी बसले. डॉक्टर म्हणायचे, हाड अजून धरलं नाही, आत्ता काढली तर हात लुळा पडेल. दादा बाहेर येऊन भिंतीला टेकायचे आणि स्वतःचे हात करकरा खाजवायचे. मी त्यांची समजूत घालायची! माझ्या दुखण्याचा या माणसाला माझ्यापेक्षा जास्त त्रास होतोय, असं मी आईला म्हटल्याचं मला लख्ख आठवतं.

शिमग्याच्या सुमारास आईच्या चुलतभावाने मला पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या वयस्कर सर्जननी हाताचा एक्स-रे फोटो काढला आणि हाड बऱ्यापैकी धरलंय म्हणून पट्टी काढून टाकली. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी ती मला पांढऱ्या बशीत दाखवली. तिच्यावरची चकाकी पापुद्र्यांसारखी सुटली होती. सुटलेल्या जागी खालचा करडा धातू दिसत होता, आणि स्क्रूंच्या भोवती काळं जमलं होतं.

त्यांनी विचारलं, हिच्यावर निकेलचा थर कुणी दिला?

मी म्हटलं, निकेलचा? मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सावकाश समजावलं. ते म्हणाले, मूळच्या पोलादातही निकेल असतंच, पण ते आत मुरलेलं असतं, बहुतेकांच्या शरीरात ते जागचं हलत नाही. एखाद्याला तेही सोसत नाही, ती गोष्ट निराळी. पण हे वरून चढवलेलं निकेल. शरीरातलं पाणी खारट असतं, त्यात ते सुटतं, विरघळतं आणि मांसात जातं. ज्याच्या कातडीलाच निकेल चालत नाही, त्याच्या आत असं काही ठेवणं म्हणजे विस्तव ठेवणं. मग त्यांनी सहज विचारलं, की तुम्हाला दागिन्याने, घड्याळाने कधी पुरळ आलं होतं का?

चिंचवडला निकेल चढवणारा माणूस एकच होता. माझ्या मनगटावरचा घड्याळाचा डाग ज्याने आपल्या हाताशेजारी धरून बघितला, तोही एकच.

पुण्याहून आल्यावर मी घरी न जाता आधी शेडमध्ये गेले. इंजीन बंद होतं. मी फडक्यात गुंडाळलेली पट्टी दादांपुढे ठेवली. त्यांनी फडकं उघडलं, नखाने एक पापुद्रा उचलला आणि स्वतःशीच म्हणाले, "धरलंच न्हवतं."

मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण बोलून गेलो. मी विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगितलं. डब्यातल्या पट्ट्या करड्या होत्या, देवापुढे त्या तशा मांडणं त्यांना बरं वाटेना. त्यांना वाटलं होतं, निकेल चढवून डॉक्टरांना खूश करावं. पण त्या पोलादावर निकेल बसेना. एकदा चढवलं, कडेने सुटलं. घासून परत चढवलं. चकाकी तर आली, आणि मग पूजेची वेळ झाली. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं तेव्हा विश्वस्त शेजारी उभे होते. तोंडातून निघून गेलं, निस्त्या पुसल्या. त्यांना वाटलं, पट्ट्या पडून राहतील, सवडीने आणून थर उतरवून टाकू.

मी विचारलं, माझ्या हातात तीच पट्टी जाणार हे दवाखान्याच्या दारात तुम्हाला माहीत होतं?

दादांनी टाकीतल्या पाण्याकडे बघितलं. "व्हय," ते म्हणाले. मी तिथेच उभी होते, हात गळ्यात बांधलेला, आणि मला वाटलं की आता ते माझ्या हाताकडे बघतील. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "डाक्टरास्नी सांगितलंसा काय?"

आपला माणूस परका होतो म्हणतात तो कसा, ते मला त्या प्रश्नाने दाखवलं. इतक्या महिन्यांची लापशी, टांगे, भांडणं, सगळं त्या एका प्रश्नाने माझ्या डोळ्यांदेखत उलटं झालं. मला रक्ताचा दोष लागला होता तेव्हा हा माणूस माझ्या बाजूने भांडत होता, आणि तो दोष धुवून टाकणारं एक वाक्य याच्या तोंडात होतं.

मी म्हटलं, नाही सांगितलं. तुम्ही सांगा. डब्यातल्या बाकीच्या पट्ट्या अजून तिथेच आहेत, त्या कुणाच्या तरी अंगात जाणार आहेत. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळी पहिल्यांदा तेच करतो, असं त्यांनी माझ्या गळ्याची आण घेऊन सांगितलं. मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी इंजीन बिघडलं होतं. मग रहाटणीला मळणी निघाली. मग म्हणे डॉक्टर गावात नव्हते. आणि त्यातच चऱ्होलीचा एक सुतार पाय मोडून दवाखान्यात आला आहे, त्याला पट्टी बसवायची आहे, असं मी नळावर ऐकलं. मी पदर खोचला आणि तशीच निघाले.

डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, पुण्याहून आणलेली पट्टी बघितली आणि दादांना बोलावणं पाठवलं. दादा आले ते स्वच्छ धोतर, टोपी घालून. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी. डॉक्टरांनी सरळ विचारलं.

"न्हाई सायेब," दादा म्हणाले. "म्या निस्त्या पुसल्या व्हत्या. ताईंचं दुकनं लई मोटं झालं, मानसाच्या मनात काय बी येतं. माझी भन हाय ती, मी तिचा राग न्हाई धरत."

आवाजात इतकी माया होती, की क्षणभर मलाच वाटलं, मला भास तर झाला नसेल? मी म्हटलं, दादा, शेडमध्ये तुम्ही मला काय सांगितलंत? ते डॉक्टरांकडे बघून हळूच म्हणाले, की ताईंना ताप होता त्या दिवशी. आणि वर पुनावळ्याच्या माणसाचा दाखला दिला. त्या शेतकऱ्याच्या मांडीत त्याच डब्यातली पट्टी दसऱ्यानंतर बसवली होती आणि तो खुशाल शेतात जात होता. निकेल असतं तर त्याला नसतं का झालं?

डॉक्टरांनी डबा मागवला, एक पट्टी काढली आणि सुरीच्या टोकाने कडेला खरवडलं. पापुद्रा सुटून टेबलावर पडला. दादा म्हणाले, असंल, कारखान्यातनंच तसं आलं असंल. डॉक्टरांनी डबा बंद करून कुलपात ठेवला, सुताराचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि पुनावळ्याला माणूस धाडला. त्या शेतकऱ्याची पट्टी पुढे हाड धरल्यावर काढली. तिचाही थर सुटत आला होता, पण त्याला खरंच काही झालं नव्हतं. मला तो बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "मला तर काय बी न्हाई झालं, बाई. निवृत्तीदादाचं काम चोख आस्तंय."

दादा गेल्यावर डॉक्टरांनी माझी माफी मागितली, पथ्यावरून बोलल्याबद्दल. मग खाली बघत म्हणाले, हे बाहेर बोलू नका, लोक पुन्हा हाडवैद्याकडे जातील. त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्यांची कारणं खरीच होती, फक्त माझा हात त्यांच्या मध्ये आला. मी बाहेर आले तर पायरीशी टांगा उभा, आणि शेजारी दादा. "ऊन लई हाय, ताई. चला, घरी सोडतो." मला तेव्हा रडूही आलं नाही. मी टांग्याला वळसा घालून चालत घरी गेले.

जखम भरली, पुरळ गेलं. हात मात्र पूर्ण वळेना. तळवा खाली करता यायचा, वर करता यायचा नाही, आजही येत नाही, आणि खडू दाबून लिहायची ताकदही त्यात उरली नव्हती. मी डाव्या हाताने लिहायला शिकले. माझी अक्षरं बघून मुलं खो-खो हसायची आणि मी त्यांना हसू द्यायची. हेडमास्तरांनी मला पुन्हा घेतलं, पण बालवर्गावर, आणि कायम व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. दिवाळीला वहिनी बोलवायला आल्या तेव्हा मी म्हटलं, मला तबक धरता येत नाही. ते खोटं नव्हतं. वहिनींना काही माहीत नव्हतं, त्या माझ्या हातावरून हात फिरवून रडल्या.

दादांची पुढे भरभराट झाली. आजूबाजूला कारखाने आले आणि त्यांच्या शेडची शाळेएवढी मोठी इमारत झाली. गावातल्या देवळाचा कळस त्यांनी उजळून दिला, शाळेची घंटा उजळून दिली. ते वारले तेव्हा रहाटणीपासून स्टेशनपर्यंत माणसं होती, आणि त्यांच्याबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं एकजण म्हणाला. मीही मान हलवली.

पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या एका चतुर्थीला, देवळात. गर्दी होती. पुजारी नवीन, तरुण होता. तीर्थ द्यायला त्याने पळी पुढे केली आणि मी डावा हात पुढे केला. तो म्हणाला, आजी, उजवा. मी म्हटलं, उजवा वळत नाही. त्याने कपाळाला आठी घातली आणि पळी तशीच धरून ठेवली. रांगेत माझ्या मागे दादा आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचा आवाज आला, तोच, माझी बाजू घेणारा.

"द्या वो गुरुजी, डाव्या हातावर द्या त्यांना. जन्मापास्नंच हाय त्यांचा हात तसा."

मी वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची एक रेघ नव्हती. म्हातारपणी त्यांचे डोळे निवळले होते आणि त्यांत माझ्याबद्दल फक्त माया होती. कुणी खोटं बोललं तर त्याला पकडता येतं. माझा हात कधी मोडलाच नव्हता, असं यांनी स्वतःलाच पटवून टाकलं होतं, आणि आता ते सगळ्या गावाला दयेने सांगत होते.

"जन्मापासून नाही, दादा," मी म्हटलं.

ते हसले, थकलेल्या बहिणीला हसावं तसं, आणि पुजाऱ्याला खूण केली. पुजाऱ्याने माझ्या डाव्या तळव्यावर तीर्थ घातलं. मागे गर्दी ढकलत होती, म्हणून मी ते प्यायले आणि पुढे सरकले.